सगळ्यांचे अल्बम, फक्त माझा सोडून

माझ्या नवऱ्याच्या नावाचा एक अल्बम आहे. म्हणजे त्यानं काढलेला नव्हे, आमचे हे बाथरूममध्येसुद्धा गात नाहीत. तो कुणा परदेशी पोरानं काढलाय, त्याला भलतंच लांबलचक इंग्रजी नाव आहे आणि कव्हरवर तीन डोळ्यांचा बेडूक आहे. पण माझ्या थोरल्या नणंदेनं, कुंदाताईंनी, त्याचं नाव 'सुधीर' ठेवलंय.

"सुरुवात बघ," त्या म्हणतात, "जसा काही आता डोंगर फोडणार. तिसऱ्या गाण्यात बघ, लोळला. आणि शेवटचं तर नुसतं घोरतंय. आमचो सुधीरच तो!"

खोटं कशाला बोलू, लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण माझ्या नवऱ्याचं इतकं बरोबर वर्णन मलाही जमलं नव्हतं.

सायट्रान्स हा प्रकार तुम्हाला माहीत नसेल तर देवाचे आभार माना. गोव्याला समुद्रकिनाऱ्यावर पोरं अंगावर रंगीबेरंगी चिंध्या घालून पहाटेपर्यंत नाचतात ना, ते. खाली ढुमढुमढुमढुम सुरू, त्याला दम लागत नाही की उसंत नाही. वर मध्येच बेडूक, मध्येच ठिबकणारा नळ, मध्येच कुणीतरी पत्रा फाडतंय. एकेक गाणं आठ-नऊ मिनिटांचं. आणि हे सगळं मुलुंड पूर्वेला, बी विंगमध्ये, पहिल्या मजल्यावर, गुडघ्याला पट्टा आणि केसांना खोबरेल तेल लावलेल्या एक बाई रोज दुपारी ऐकतात. ज्या वयात इतर बायका हरिपाठ लावतात त्या वयात.

कुंदाताई मूळच्या मालवणकडच्या. म्हणजे आम्हीच. मी आपली लग्नानंतरची मालवणी, त्या जन्माच्या. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागल्या आणि तिथूनच रिटायर झाल्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलं, का नाही केलं, तर म्हणायच्या, "लाइन एंगेज होती." विचारणारा पुढे काही विचारायचा नाही. स्वतःच्या पैशानं वन रूम किचन घेतलं, तेही आमच्याच सोसायटीत. मी ए विंग, त्या बी विंग. माझ्या गॅलरीतून त्यांची खिडकी दिसते. पडदा कोणता लावलाय, कुणाची चप्पल बाहेर आहे, सगळं दिसतं. मी मुद्दाम बघत नाही. दिसतं.

ह्या वेडाची सुरुवात माझ्याच पोटच्या गोळ्यानं केली. तन्मय कॉलेजात असताना मित्रांबरोबर गोव्याला गेला. घरी सांगितलं होतं अलिबाग. परत येताना कुणाकडून तरी तो गोल डब्यासारखा स्पीकर घेऊन आला आणि आई चौकशी करील म्हणून आत्याकडे लपवला. आत्यानं आपलं बटण दाबून बघितलं; गोव्याची गाणी आतल्या कार्डात होतीच. संध्याकाळी हा स्पीकर न्यायला धावत गेला, तर कुंदाताई खुर्चीत ताठ बसलेल्या, डोळे मिटलेले, आणि खोलीत ढुमढुम चाललेलं. ह्याला वाटलं, आता मेलो. तर डोळे उघडून म्हणाल्या, "मेल्या, ह्याच्या पुढचा भाग आहे का?"

हे सगळं मला केव्हा कळलं? स्पीकर तिथे महिनेच्या महिने राहिल्यावर. पोरगा माझा, गोवा त्याचा, आणि गुपित नणंदेकडे. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबलं नाही.

आता त्यांची ऐकायची पद्धत सांगते. अल्बम लावायचा तर आख्खा. सुटं गाणं चालत नाही. "पोथीचा एक अध्याय वाचून उठतं काय कोण?" आधी चहा, मग पाय धुणं, मग खिडकीजवळची वेताची खुर्ची. स्पीकर उजव्या कानाच्या बाजूला, स्टुलावर. आवाज फार मोठा नसतो, त्यामुळे सोसायटीत तक्रार नाही. आणि डावा हात भिंतीवरच्या एका बटणावर. ते बटण स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनचं. इलेक्ट्रिशियनला बोलावून त्यांनी ते खास खुर्चीशेजारी आणून घेतलंय. बिचारा विचारत होता, "काकी, इथे बसून फोडणी देणार काय?"

तर त्याचं असं आहे. ह्या अल्बमांमध्ये अधूनमधून ढुमढुम थांबतं. सगळं शांत होतं, लांबून काहीतरी वाऱ्यासारखं येतं, एखादी बाई इंग्रजीतून ब्रह्मज्ञान सांगते, आणि मग एकदम पुन्हा धडाम! तन्मय म्हणतो, तीच तर खरी मजा, त्यासाठीच लोक नाचतात. कुंदाताईंना नेमकी तीच जागा आवडत नाही. ढुमढुम थांबलं की ह्या टक्‌कन फॅन लावतात. तो जुना फॅन खडखडत राहतो. ढुमढुम परत आलं की टक्‌, फॅन बंद. डोळे मिटलेलेच.

"आत्या, तू वाट लावतेस यार त्याची!" तन्मय ओरडतो.

"भोक पडलं होतं," त्या म्हणतात. "बुजवलं."

भोक आणि भरीव, हे त्यांचे दोन शब्द. त्यापलीकडे त्यांचं समीक्षाशास्त्र नाही. अल्बम चांगला असेल तर "भरीव आहे." वाईट असेल तर "चाळण आहे, नुसती भोकं." बाकी शेरे वेगवेगळे. एका अल्बमात सुरुवातीला बराच वेळ पाणीच ठिबकत होतं, तर म्हणाल्या, "वॉशर बदला म्हणावं आधी." एकात माणसं जंगलातल्या घुबडांसारखी घुमत होती, त्याला म्हणाल्या, "ह्यांच्या आयशीन ह्यांना वेळेवर जेवण दिलं नाही." एकाचं कव्हर म्हणजे हजार हातांचा देव आणि प्रत्येक हातात छत्री. ते बघून म्हणाल्या, "झकास. कोकणात खपेल."

तन्मय आता हैदराबादला नोकरी करतो. तिथून अल्बम पाठवतो आणि मग दोघांची फोनवर चर्चा चालते. पाऊण-पाऊण तास! मी गॅलरीतून बघते, खिडकीत कुंदाताई हातवारे करतायत. मग माझा फोन वाजतो. "हो आई, जेवलो. हो आई, झोपतो. ठेवू?" ठेव बाबा, ठेव. तुझ्या आईला काय कळतंय.

पण ह्याचंही मला एवढं नव्हतं. खरी आग लागली ती नावांमुळे.

इंग्रजी नावं लक्षात राहत नाहीत म्हणून त्यांनी अल्बमांना माणसांची नावं द्यायला सुरुवात केली. 'सुधीर' झाला. मग 'तन्मय' झाला, "हा बघ, सारखा घाईत, एका जागी ठरत नाही, पण मनानं चांगला." त्यांच्या शेजारी जिग्नाबेन राहायच्या, त्या लेकाकडे बोरिवलीला गेल्या. लगेच 'जिग्नाबेन' आला. गोडसर, मध्येच ठसका, आणि कधीच वेळेवर संपत नाही. सोसायटीचा जुना वॉचमन गावी गेला, त्याच्या नावाचा निघाला. त्या अल्बमात म्हणे शिट्टी आहे. बी विंगच्या जिन्यात एक लंगडी मांजर असायची, ती गेली. तिचाही अल्बम! आणि कहर म्हणजे माझी आई. माझी सख्खी आई, देव तिला सद्गती देवो, तिच्याही नावाचा अल्बम कुंदाताईंकडे आहे. "तुझ्या आवशीसारखाच आहे गो. हळू बोलतो, पण सगळं बोलून घेतो." मी ऐकून घेतलं आणि घरी येऊन रडले. आईच्या आठवणीनं थोडं, आणि बाकीचं माझं नाव नाही म्हणून.

हो, माझा अल्बम नाही! मांजरीचा आहे, माझा नाही. माझं नाव संगीता. आईबापांनी काय विचार करून ठेवलं असेल, आणि नशिबात हे.

बरं, मी काय लांबची आहे? रोज दुपारी चारच्या सुमारास माझी फेरी असते. कधी वाटीभर भाजी, कधी घावणे, कधी नुसतीच हात हलवत. पण मी दारात पाऊल टाकलं रे टाकलं, की कुंदाताई हात लांब करून स्पीकर बंद करतात. टक्‌! अल्बम अर्धा असो, पाऊण असो. ज्यांचा पोथी अर्धी सोडायची नाही असा नियम, त्या माझ्यासाठी मात्र पोथी मिटतात. इलेक्ट्रिशियन आला तरी अल्बम चालू. कुरियरवाला आला तरी चालू. त्यांनी त्याला बसवून मत विचारलं होतं एकदा! मी आले की बंद.

आणि मग म्हणायचं, "बस गो. गजाली सांग." गजाली म्हणजे आपल्या गप्पा. मी सांगायला लागते. आता मी बोलायला लागले की जरा बोलते, हे मला मान्य आहे. आवाजही माझा थोडा वरचा आहे. शाळेत प्रार्थनेला बाईंनी मला ओठ नुसते हलवायला सांगितलं होतं. सुधीर तर मी बोलायला लागले की टीव्हीचा रिमोट माझ्याकडे धरून म्यूटचं बटण दाबतो आणि स्वतःच हसतो. बावळट विनोद आहे, पण गेली कित्येक वर्षं करतो. तर मी आपली मंडईतलं, पाण्याच्या टाकीचं, सेक्रेटरीच्या बायकोचं सांगत असते, आणि बघते तर काय, कुंदाताई डुलक्या काढतायत! खुर्चीत मान टाकून चक्क झोप. अल्बम ऐकताना ताठ, आणि माझं ऐकताना झोप. अपमान म्हणजे किती करावा माणसाचा?

मी हार मानणारी नव्हे. म्हटलं, हा विषय आपणही शिकू. तन्मयला न सांगता मोबाइलवर एक अल्बम लावला आणि मेथी निवडायला बसले. पहिल्या गाण्यात मेथी झाली, दुसऱ्यात लसूण, तिसऱ्यात डोकं धरलं. तरी आख्खा ऐकला. शेवटचं गाणं चालू असतानाच सुधीर ऑफिसातून आला, दारातच म्हणाला, "मिक्सर बिघडलाय काय?" मी म्हटलं, "भरीव आहे." तो सरळ हातपाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी तयारीनिशी गेले. टक्‌, स्पीकर बंद. मी बसले आणि सहज विषय काढल्यासारखं म्हटलं, "ताई, काल एक अल्बम ऐकला हो. ढुम चांगला आहे, पण मधे दोन भोकं फार मोठी आहेत."

कुंदाताईंनी चष्म्यावरून बघितलं. "तू कशाला ऐकतेस ते?"

"का? मी ऐकू नये?"

"ऐक गो बाई. पण तुला कशाला पाहिजे ते?" आणि लगेच, "काल टाकीचं काय झालं ते सांग."

तुला कशाला पाहिजे! म्हणजे मला अक्कल नाही, कान नाही, मी आपली टाकीवालीच. तरी लाज सोडून आणखी एकदा विचारलं. सोलकढी नेली होती त्या दिवशी, कोकमं घरची, नारळाचं दूध काढून काढून मनगट दुखलेलं. त्या मिटक्या मारत होत्या. मी म्हटलं, "ताई, समजा, नुसतं समजा हं, माझ्या नावाचा अल्बम असता, तर कसा असता हो?"

"तुझा?" त्या हसल्या. "तुझा कशाला गो?" आणि पेला पुढे केला, अजून थोडी घाल म्हणून.

मी घातली. काय करणार?

मग गेल्या महिन्यात तन्मय आला, सोबत स्वानंदी. त्याच्याच ऑफिसातली मुलगी, लग्न ठरल्यातच जमा आहे. पोरगी चांगली आहे, माझी काही तक्रार नाही. आमच्याकडे जेवली, ताट उचलून ठेवलं, मला "काकू, आमटी मस्त" म्हणाली. संध्याकाळी तन्मय तिला आत्याकडे घेऊन गेला. मी म्हटलं, मीही येते. तर म्हणाला, "आई, तू आलीस की आत्या म्युझिक बंद करते. आम्ही जरा ऐकून येतो ना."

बघा. पोराच्यासुद्धा लक्षात आलं होतं.

दोघं परत आली ती हसतच. स्वानंदी म्हणते, "काकू, आत्यांनी माझ्या नावाचा अल्बम ठेवला! म्हणाल्या, आधी लाजतो, मग कुणाला बोलू देत नाही!"

आली नाही तोच! माझ्या घराच्या उंबऱ्याला अजून नीट पाय लागला नाही तोच! मी "अरे वा" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसला. स्वच्छ होता, तरी पुसला. दोन दिवसांनी दोघं हैदराबादला गेली आणि त्या दुपारी मी चार वाजायचीही वाट बघितली नाही. भाजी नाही, घावणे नाहीत, रिकाम्या हातानं निघाले. जिन्यातच ठरवलं, आज एक घाव दोन तुकडे.

दार उघडंच होतं. आत ढुमढुम. मी आत शिरले, कुंदाताईंचा हात स्पीकरकडे गेला.

"बंद करू नका!" मी ओरडले.

त्यांनी बंद केलाच. "काय गो, काय झाला?"

मग मी सुटले. सगळं काढलं. म्हटलं, सुधीरचा अल्बम, तन्मयचा अल्बम, जिग्नाबेनचा, वॉचमनचा. माझ्या आईचा. मांजरीचा, ताई, मांजरीचा! काल आलेल्या पोरीचा. आणि मी रोज येते, ऊन असो पाऊस असो, तुमचा गुडघा दुखतो तेव्हा तेल कोण चोळतं? तर मला अल्बम नाही तो नाहीच, वर मी आले की तुम्ही गाणंही बंद करता. मी काय अस्पृश्य आहे? मला कळत नाही म्हणून? आणि बोलायला लागले तर झोपता! हो, झोपता, मी बघितलंय! मला हेवा वाटतो, ताई, सरळ सांगते, सगळ्यांचा वाटतो, त्या लंगड्या मांजरीचासुद्धा वाटतो!

एवढं बोलून मला दम लागला. कुंदाताई माझ्याकडे बघत होत्या. रागावल्या नव्हत्या. उलट चेहरा कसा निवांत दिसत होता, आणि त्याचाच मला आणखी राग आला.

"बस," त्या म्हणाल्या. "आणि आता जरा गप्प बस बघू. अगदी गप्प."

मी बसले. तोंड मिटलं. खोलीत शांत झालं. बाहेर कुणीतरी गाडी काढली, तीही गेली. फ्रिज थांबला. मी बघत होते, तर कुंदाताईंच्या चेहऱ्यावरचं ते निवांतपण हळूहळू गेलं. कपाळाला आठ्या पडल्या. हात उजव्या कानावर गेला आणि त्यांनी कान असा दाबून धरला, की मी घाबरले.

"आला," त्या म्हणाल्या.

"कोण आला?"

"भाडेकरू." त्या हसल्या, पण कसंतरीच. "कानात आहे गो एक. रिटायर झाल्यापासून. सूंऽऽऽ करून. थांबतच नाही. दिवस नाही, रात नाही. डॉक्टरला दाखवलं, दोघांना दाखवलं. म्हणाले, ह्याला औषध नाही, सवय करा. भाडं नाही, डिपॉझिट नाही, आणि बाहेर काढता येत नाही मेल्याला."

इतकी वर्षं! मी रोज येते, आणि मला ठाऊक नाही. "तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगून काय? सुधीर म्हणेल, चल मोठ्या हॉस्पिटलात. चार दिवस धावपळ करील आणि मग विसरेल. तन्मय काळजी करीत बसेल तिकडे." त्यांनी स्पीकरवर हात ठेवला. "तन्मयचा हा डबा लावला त्या दिवशी पहिल्यांदा तो दबला. सनई लावून बघितली होती, भजनं लावली होती. ती थांबतात गो मधे मधे, श्वास घेतात. हे थांबत नाही. भरीव असलं की त्याला डोकं वर काढायला जागा नाही. भोक पडलं की बाहेर येतो, म्हणून तो फॅन."

मी त्या बटणाकडे बघितलं. इतके दिवस मी ह्या बटणावरून सोसायटीभर हसले होते.

"आणि ती नावं?" मी विचारलं. एवढं झालं तरी माझं मन तिथेच. काय करू, स्वभाव.

कुंदाताईंनी शेजारच्या भिंतीकडे बोट केलं. "जिग्नाबेन असताना कुठे होता तिचा अल्बम?" त्या म्हणाल्या. "ती बोरिवलीला गेली, मग केला. ते मांजर मेलं, मग केला. तुझी आई गेली, मग केला. तन्मय हैदराबादला गेला तेव्हा त्याचा. ही नवी पोर, गोड आहे, पण आता येईल ती थेट लग्नात."

"पण सुधीर?" मी म्हटलं. "सुधीर तर इथेच आहे, समोरच्या विंगमध्ये!"

"हो. भाऊबीजेला येतो की."

हे मात्र खरं होतं. सुधीर वाईट नाही, पण बहिणीकडे जा म्हटलं की "रविवारी जातो" म्हणतो आणि रविवारी झोपतो.

"माणूस येईनासं झालं की त्याचा लावते," त्या म्हणाल्या. "तेवढंच घरात कोणतरी असल्यासारखं. तुझा कशाला करू गो? तू येतेस ना रोज."

मला काही बोलता येईना. माझ्यासारखीला! त्यांनी पुन्हा कान दाबला आणि जरा वैतागूनच म्हणाल्या, "बोल आता काहीतरी, संगी. किती वेळ गप्प बसशील?"

"काय बोलू?"

"काय पण. टेलिफोनवर जन्म गेला माझा, इतके आवाज ऐकले, पण तुझ्यासारखा आवाज नाही ऐकला. अगदी त्या भाडेकरूच्याच पट्टीतला आहे बघ. तू दारातून 'ताई' म्हणून हाक मारलीस की तो मुकाट होतो. मग स्पीकर कशाला जाळायचा फुकट?" आणि मग, नजर चुकवत, "झोप पण त्याच वेळेला लागते माझी जरा. रात्री कुठे लागते?"

शाळेतल्या त्या बाई आता कुठे असतील कोण जाणे. त्यांना जाऊन सांगावंसं वाटलं.

"तुझा अल्बम करायची पाळी माझ्यावर येऊ नये," कुंदाताई म्हणाल्या, "एवढंच मी बघते." आणि लगेच नेहमीच्या आवाजात, "हां, मग? दुधवाल्यानं काय केलं? काल अर्ध्यातच राहिलं होतं."

मी डोळे पदरानं पुसले आणि सुरू केलं. म्हटलं, ताई, दुधवाला म्हणतो पिशवी ठेवली, मी म्हणते नाही ठेवली, नवा वॉचमन म्हणतो कुठल्यातरी मांजरानं नेली, आता मांजर काय आख्खी लिटरची पिशवी नेणार? कुंदाताईंची मान हळूहळू कलली. कपाळावरच्या आठ्या सुटल्या. हात कानावरून घसरून मांडीवर पडला आणि त्या झोपल्या. तोंड थोडंसं उघडं, खोबरेलाचा वास, गुडघ्याचा पट्टा सैल झालेला.

तेवढ्यात माझा मोबाइल थरथरला. सुधीर. आज ऑफिसातून लवकर आला होता.

"कुठे आहेस? चहा?"

"ताईंकडे आहे. बोलतेय," मी म्हटलं, आवाज न उतरवता.

"ताई काय म्हणते?"

"झोपल्यात."

"मग तू बोलतेस कुणाशी?"

"तुला नाही कळायचं," मी म्हटलं. "चहा तूच टाक. तीन कप टाक आणि इथे घेऊन ये. हो, आत्ता. रविवारी नाही, आत्ता." आणि फोन ठेवला.

पण दुधवाल्याची गोष्ट फोनच्या आधीच संपली होती, पुढे सांगायला काही उरलं नव्हतं. मी क्षणभर थांबले. कुंदाताईंच्या पापण्या हलल्या, हात मांडीवरून उचलल्यासारखा झाला. मी घाईनं बटणाकडे हात नेला, म्हटलं फॅन लावू, तेवढाच आधार. बोट बटणाला टेकलंसुद्धा. मग म्हटलं, हा खडखड्या कशाला? मी आहे ना इथे.

मी हात मागे घेतला, खुर्ची त्यांच्या उजव्या कानाच्या बाजूला ओढली, आणि दुधवाल्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.